नोटीस म्हणजे नेमकं काय? एक शब्द, अनेक अर्थ आणि प्रत्येकाची वेगळी मुदत



धंद्यात रोज कानावर पडणारे इंग्रजी शब्द आपण एकेक करून समजून घेतो. आजचा शब्द आहे ‘नोटीस’. खरं सांगायचं तर हा शब्द आता इंग्रजी राहिलेलाच नाही. गावाकडच्या आजीसुद्धा सहज म्हणतात, “सोसायटीची नोटीस आलीय, हप्ता भरायला पाहिजे.” मराठीने त्याला आपल्या व्याकरणातही बसवून घेतलंय. नोटीस, नोटिशीला, नोटिसा. आपण नोटीस ‘काढतो’, ‘लावतो’, ‘देतो’ आणि कोर्टकचेरीत तर ती ‘बजावली’ जाते.

पण बॅचमध्ये मी विचारतो, “नोटीस आली तर काय कराल?”, तेव्हा उत्तरं दोनच येतात. काही जण म्हणतात, “सर, पोटात गोळाच येईल.” काही म्हणतात, “सीएकडे टाकून देऊ, तो बघेल.” घाबरणारा पाकीट उघडत नाही आणि टाकून देणारा वाचत नाही. दोघांचंही नुकसान एकाच जागी होतं, मुदत निघून जाते. म्हणून हा शब्द आज नीट उलगडून बघू.

शब्दाचा मूळ अर्थ

‘नोटीस’ हा शब्द लॅटिनमधून आलाय, आणि त्याच्या मुळाशी ‘माहीत असणे’ हा अर्थ आहे. म्हणजे नोटीस देणं म्हणजे समोरच्याला एखादी गोष्ट माहीत करून देणं. त्यात ना शिक्षा आहे, ना धमकी.

मग साधा निरोप आणि नोटीस यात फरक काय? माझ्या शिकवण्यातलं सोपं सूत्र लिहून घ्या:

नोटीस = कळवणं + पुरावा + मुदत

शेजाऱ्याला तुम्ही म्हणालात, “अहो, तुमची गाडी दुकानासमोरून काढा जरा,” तर तो निरोप झाला. तीच गोष्ट तारीख घालून, लिहून, पोच घेऊन, “अमुक दिवसांत काढा” अशी कळवली की ती नोटीस झाली. नंतर कोणी म्हणू शकत नाही, “मला माहीतच नव्हतं.” या एका वाक्याची पळवाट बंद करणं हेच नोटिशीचं काम आहे. ती पळवाट समोरच्याची बंद होते, तशी तुमचीही बंद होते.

रोजच्या बोलण्यातली नोटीस

सोपे अर्थ पटापट बघून घेऊ.

*नोटीस करणे:* “तू नोटीस केलंस का, सोमवारी गिऱ्हाईक कमी असतं?” इथे अर्थ लक्षात येणं किंवा लक्ष जाणं एवढाच. दुकानदाराची ही सगळ्यात मोठी ताकद, पण तो वेगळा विषय.

*नोटीस बोर्ड:* सोसायटीत, शाळेत, बाजार समितीत सूचना लावायची जागा. तुमचा गाळा मार्केट कॉम्प्लेक्समध्ये असेल तर आठवड्यातून एकदा तिथला बोर्ड वाचायची सवय लावा. मीटिंग कधी, पाणी कधी बंद, मेंटेनन्स कधी वाढणार, हे सगळं तिथे लागतं.

*शॉर्ट नोटीस:* “शॉर्ट नोटीसवर ऑर्डर घेतली” म्हणजे तयारीला फार कमी वेळ मिळाला. केटरिंग, शिवणकाम, प्रिंटिंग करणाऱ्यांना हे रोजचंच. अशा ऑर्डरचा दर वेगळा ठेवा आणि तो आधीच सांगा.

*नोटीस पिरियड:* नोकरी किंवा भाड्याची जागा सोडण्याआधी द्यायचा वेळ. “तो सध्या नोटीसवर आहे” म्हणजे राजीनामा दिलाय, पण शेवटचा दिवस अजून यायचाय. दुकानात दोनच मुलं कामाला असली तरी नेमणुकीच्या कागदावर नोटीस पिरियड लिहा, आणि तो दोन्ही बाजूंना सारखा ठेवा. नाहीतर दिवाळीच्या आदल्या आठवड्यात काउंटरवरचा मुलगा “उद्यापासून येत नाही” म्हणेल आणि तुमच्याकडे बोट दाखवायला कागद नसेल.

भाड्याच्या गाळ्याचं लिव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंट करताना दोन शब्द वेगवेगळे वाचा: ‘नोटीस पिरियड’ आणि ‘लॉक-इन’. समजा नोटीस पिरियड दोन महिन्यांचा आहे आणि लॉक-इन एक वर्षाचं. मग तिसऱ्या महिन्यात दोन महिन्यांची नोटीस देऊन सुटता येईल, हा समज चुकीचा ठरू शकतो. लॉक-इन संपायच्या आत सोडलं तर काय द्यावं लागेल, हे ॲग्रीमेंटमध्ये शोधा आणि सही करण्याआधी शोधा.

आपण दुकानात लावतो ती नोटीस

‘आज रोख, उद्या उधार’. ही पाटी कोणी पाहिली नाही? हीसुद्धा नोटीसच आहे. गिऱ्हाईकाला आधीच कळवलं, त्यामुळे नाही म्हणताना दोघांनाही अवघड वाटत नाही. चांगली पाटी रोजचे वीस वाद वाचवते.

पण एक पाटी सांभाळून लावा: ‘एकदा विकलेला माल कोणत्याही परिस्थितीत परत घेतला जाणार नाही.’ माझंही दुकान आहे, त्यामुळे ही पाटी लावावीशी का वाटते हे मला कळतं. कोणी आठ दिवस वापरून वस्तू परत आणतं. तरीही ‘कोणत्याही परिस्थितीत’ हे शब्द टिकत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत आणि लिहिली नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देता येत नाही. म्हणजे तुमची पाटी कायद्याच्या वर जात नाही.

मग काय लिहायचं? असं लिहा: ‘वस्तूत दोष असल्यास बिलासह ७ दिवसांत आणा, बदलून किंवा पैसे परत मिळतील. वापरलेली, दोष नसलेली वस्तू परत घेतली जाणार नाही.’ हीच मुदत बिलावरही छापा. गिऱ्हाईकाचा विश्वास वाढतो आणि तुमची बाजूही पक्की होते.

सरकारी खात्याची नोटीस: इथेच गाडी अडते

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. सरकारी खातं तुमच्याविरुद्ध काही करणार असेल, तर तुमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय एकतर्फी निर्णय घेऊ नये, हे आपल्याकडच्या न्यायाचं मूळ तत्त्व आहे. त्यासाठीच नोटीस येते. ‘कारणे दाखवा नोटीस’ हे नावच बघा. “कारवाई का करू नये, ते सांगा” असं ती म्हणते. म्हणजे ती तुमची बोलायची पाळी असते. तुम्ही गप्प बसलात तर खातं म्हणतं, यांना काही सांगायचं नाही, आणि मग एकतर्फी आदेश निघतो.

छोट्या व्यावसायिकाला जास्त भेटणाऱ्या नोटिसा या:

*रिटर्न न भरल्याची जीएसटी नोटीस, जीएसटीआर-३ए:* यात १५ दिवस मिळतात. रिटर्न भरून टाकलं की विषय साधारण तिथेच मिटतो. नाही भरलं तर अधिकारी आपल्याकडच्या माहितीवरून तुमच्या कराचा अंदाज बांधून आदेश काढू शकतो, आणि तो अंदाज तुमच्या सोयीचा असेल अशी अपेक्षा ठेवू नका. “या महिन्यात धंदाच झाला नाही” हे कारण चालत नाही. विक्री शून्य असली तरी शून्याचं रिटर्न भरावं लागतं.

*आकडे न जुळल्याची नोटीस, एएसएमटी-१०:* तुम्ही दाखवलेली विक्री एका रिटर्नमध्ये एक आणि दुसऱ्यात दुसरी, किंवा तुम्ही घेतलेलं क्रेडिट आणि पुरवठादाराने दाखवलेलं बिल जुळत नाही, अशा वेळी ही येते. उत्तराला ३० दिवसांपर्यंत वेळ असतो. उत्तर पटलं तर अधिकारी तसं कळवून प्रकरण बंद करतो. बऱ्याचदा मूळ कारण एवढंच असतं की समोरच्या व्यापाऱ्याने तुमचं बिल अपलोड केलेलं नाही.

*नोंदणी रद्द करण्याची नोटीस, आरईजी-१७:* ही सगळ्यात घाईची. उत्तराला फक्त ७ कामकाजाचे दिवस. महिन्याला रिटर्न भरणाऱ्याने सलग सहा महिने भरलं नाही, किंवा तिमाही भरणाऱ्याने सलग दोन तिमाही भरलं नाही, तर ही येऊ शकते. या मुदतीत सगळी थकलेली रिटर्न्स, कर, व्याज आणि लेट फी भरली तर कारवाई थांबवण्याची तरतूद आहे. नोंदणी रद्द झालीच तर ती परत सुरू करण्यासाठी आदेश मिळाल्यापासून ९० दिवसांत अर्ज करता येतो. पण तोपर्यंत तुम्ही कर लावून बिल देऊ शकत नाही, आणि तुमच्या बिलावर क्रेडिट घेणारं मोठं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे निघून जातं. ते परत आणायला कुठला अर्ज नसतो.

*अन्न व्यवसायातली सुधारणा नोटीस:* मसाले, लाडू-चिवडा, खानावळ, बेकरी करणाऱ्यांसाठी. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ३२ खाली ही येते. काय चुकलंय, काय दुरुस्त करायचं आणि किती दिवसांत, हे तिच्यात लिहिलेलं असतं, आणि ती मुदत किमान १४ दिवसांची असावी लागते. जाळी बसवली, पाण्याची टाकी साफ केली, तर त्याचे तारखेसह फोटो काढा, बिलं ठेवा आणि मुदतीत लेखी कळवा. नुसतं दुरुस्त करून गप्प बसू नका. दुरुस्ती झाली नाही तर लायसन्स निलंबित होऊ शकतं.

*ग्राहक आयोगाची नोटीस:* गिऱ्हाईकाने तक्रार केली आणि ती दाखल झाली तर तुम्हाला तुमची बाजू ३० दिवसांत मांडावी लागते. आयोग आणखी जास्तीत जास्त १५ दिवस देऊ शकतो. ४५ दिवसांपुढे ही मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. चार हजारांच्या मिक्सरचं प्रकरण आहे, काय होतंय, असं म्हणून सोडून देऊ नका.

“मला मिळालीच नाही” हे का चालत नाही?

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

आपल्या डोक्यात नोटीस म्हणजे पोस्टमन, खाकी पाकीट आणि सही. पण जीएसटी कायद्याच्या कलम १६९ मध्ये नोटीस पोचवण्याचे जे मार्ग दिलेत, त्यात नोंदवलेल्या ईमेलवर पाठवणं आणि पोर्टलवर उपलब्ध करून देणं हेही आहेत. म्हणजे तुमच्या दुकानात कोणी न येता, कोणी सही न घेता नोटीस लागू शकते आणि दिवस मोजायला सुरुवात होऊ शकते.

आता स्वतःला विचारा: तुमच्या जीएसटी नोंदणीवर ईमेल आणि मोबाइल कोणाचा आहे? लाज वाटून घेऊ नका, खूप जणांचं उत्तर एकच असतं: “ज्याने नोंदणी करून दिली, त्याचा.” त्या माणसाकडे दोनशे गिऱ्हाइकं आहेत. त्याच्या इनबॉक्समध्ये तुमची नोटीस १४० वी आहे. कदाचित तुम्ही त्याला दोन वर्षांपूर्वीच सोडलंय आणि त्याने तो नंबरही बंद केलाय. कायद्याच्या दृष्टीने नोटीस ‘दिली’ गेली, तुमच्या दृष्टीने ‘आलीच नाही’, आणि सूत्रातला मुदतीचा भाग मात्र पुढे सरकत राहिला.

म्हणून आजच दोन कामं करा:

१. जीएसटी पोर्टलवर जाऊन ईमेल आणि मोबाइल स्वतःचा करा. सल्लागार काम करतच राहील, पण निरोप आधी मालकाला यायला हवा.

२. महिन्याच्या १ आणि १५ तारखेला पोर्टलवर लॉगिन करा. ‘सर्व्हिसेस’ मध्ये ‘युझर सर्व्हिसेस’ उघडा. तिथे ‘नोटिसेस अँड ऑर्डर्स’ आणि ‘ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स’ अशा दोन वेगळ्या जागा आहेत. दोन्ही बघा. बरेच जण पहिली बघतात आणि “काही नाही” म्हणून बाहेर पडतात.

पोस्टाने येणाऱ्या नोटिशीचंही तसंच. पाकिटावर वकिलाचं नाव बघून “घेऊ नका, परत पाठवा” असा सल्ला देणारा एक काका प्रत्येक बाजारात असतो. त्याचं ऐकू नका. बरोबर पत्त्यावर नोंदणीकृत पद्धतीने पाठवलेलं पाकीट तुम्ही नाकारलं, तर ते तुम्हाला मिळालं असंच कायदा सहसा गृहीत धरतो. पाकीट नाकारून तुम्ही फक्त आतला मजकूर वाचायची संधी गमावता.

आता उलट बाजू: आपण द्यायची नोटीस

नोटीस फक्त मोठ्यांनी छोट्यांना द्यायची असते, हा गैरसमज काढून टाका. अडकलेले पैसे काढायचं ते तुमचंही हत्यार आहे.

*चेक परत आला तर:* निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८ सगळ्यांनी ऐकलंय, पण त्यातल्या मुदती थोड्यांनाच माहीत असतात. उदाहरण घेऊ. समजा तुम्ही ८०,००० रुपयांचा माल दिला आणि त्याचा चेक परत आला.

– चेक त्याच्या तारखेपासून ३ महिन्यांच्या आत बँकेत भरलेला हवा.
– बँकेचा ‘परत आला’ हा मेमो १० जूनला मिळाला. तिथून ३० दिवसांत, म्हणजे १० जुलैपर्यंत, लेखी नोटीस पाठवायची.
– ती त्याला १४ जुलैला मिळाली. पैसे द्यायला त्याला १५ दिवस, म्हणजे २९ जुलैपर्यंत.
– तरी दिले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात तक्रार. म्हणजे २९ ऑगस्टच्या आत वकिलाने दाखल केलेली बरी.

या प्रकरणात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणूनच समोरचा गोड बोलून वेळ काढतो. “पुढच्या सोमवारी टाकतो शेठ, नोटीस कशाला, आपले घरचे संबंध.” असे चार सोमवार गेले की ३० दिवस संपले. चेकची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा भरता येतो आणि तो परत आल्यावर नव्याने ३० दिवस मिळतात. पण ती मुदतही गेली असेल तर हा रस्ता जवळजवळ बंद होतो. संबंध जपा, पण नोटीस वेळेत पाठवा. नोटीस गेल्यावरही पैसे आले तर प्रकरण तिथेच थांबतं. ही नोटीस वकिलाकडूनच लिहून घ्या, कारण चेक नंबर, रक्कम आणि मागणी यात चूक झाली तर पुढे केस अडचणीत येते.

*बिल थकलं तर:* तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केली असेल आणि वस्तू तयार करत असाल किंवा सेवा देत असाल, तर एमएसएमईडी कायदा, २००६ तुमच्या बाजूने आहे. लेखी करार नसेल तर खरेदीदाराने १५ दिवसांत पैसे द्यायचे, करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त लांबवायचे नाहीत. लांबवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. फक्त माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र उद्यम नोंदणी असूनही उशिरा पैसे देण्याविरुद्धच्या या तरतुदीचा लाभ मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

वकिलाकडे जाण्याआधी एक लेखी आठवण स्वतः पाठवा. शब्द साधे, आवाज शांत, आकडे पक्के. नमुना असा:

“सप्रेम नमस्कार. आमचे दि. ५ मे रोजीचे बिल क्र. ११२, रक्कम रु. ४२,५००, आपणाकडून येणे बाकी आहे. माल आपणास दि. ५ मे रोजी मिळाल्याची पोच आमच्याकडे आहे. कृपया दि. २० जूनपर्यंत ही रक्कम आमच्या खात्यात जमा करावी. बिलाबाबत काही हरकत असल्यास त्याच तारखेपर्यंत लेखी कळवावे. बिल व पोच सोबत जोडली आहे.”

बघा, सूत्रातल्या तिन्ही गोष्टी आल्या. कळवलं, पुरावा जोडला, मुदत दिली. कुठेही “बघून घेईन” नाही. हे ईमेलवर पाठवा आणि व्हॉट्सॲपवरही टाका. कागद पाठवायचा असेल तर, रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, म्हणून स्पीड पोस्टने रजिस्ट्रेशन आणि डिलिव्हरीच्या पुराव्यासह पाठवा. पावती बिलाच्या फाइलला लावा.

जाहीर नोटीस: सगळ्या गावाला कळवणं

वर्तमानपत्रात बारीक अक्षरात ‘जाहीर नोटीस’ असते, ती वाचायची सवय चांगली. गाळा विकत घेताना वकील अशी नोटीस देतात, “या मिळकतीवर कोणाचा हक्क असल्यास अमुक दिवसांत कळवावे.” तुमच्या भाड्याच्या गाळ्याबद्दल अशी नोटीस आली असेल तर ती तुम्हाला आधी कळायला हवी की शेजाऱ्याला?

भागीदारीत धंदा करणाऱ्यांसाठी ही जास्त गंभीर आहे. भागीदारी कायदा, १९३२ नुसार भागीदार बाहेर पडला तरी जाहीर नोटीस दिली जाईपर्यंत, त्याला भागीदार म्हणून ओळखणाऱ्या बाहेरच्या लोकांसाठी त्याची जबाबदारी पुढे चालू राहू शकते. म्हणजे तुम्ही मार्चमध्ये हिशोब करून बाहेर पडलात, आणि जुन्या भागीदाराने ऑगस्टमध्ये फर्मच्या नावावर उधारीत माल उचलला, तर व्यापारी तुमच्याही दारात येऊ शकतो. फर्म नोंदणीकृत असेल तर निबंधकाला कळवणं, शासकीय राजपत्र आणि जिल्ह्यातलं किमान एक स्थानिक भाषेतलं वर्तमानपत्र, अशी त्या नोटिशीची पद्धत कायद्यात दिली आहे. घरात मिटवलं, पेढा खाल्ला, एवढ्याने भागत नाही.

नोटिशीचे भाऊबंद

सगळ्याच सरकारी कागदांना आपण सरसकट ‘नोटीस’ म्हणतो. फरक ओळखा:

– *इंटिमेशन:* फक्त माहिती. प्राप्तिकर रिटर्न भरल्यावर येतं ते. बऱ्याचदा “तुमचा आणि आमचा हिशोब जुळला” एवढंच असतं. तरी उघडून बघा, कारण कधी कधी त्यात भरायची रक्कमही असते.
– *नोटीस:* तुमचं म्हणणं मागणारी. इथे उत्तर द्यायचं असतं.
– *समन्स:* हजर राहायला किंवा कागद घेऊन यायला सांगणारं. टाळायचं नाही.
– *ऑर्डर:* निर्णय झालेला आहे. आता उत्तर नाही, अपील. जीएसटीत अपिलाला आदेश कळवल्यापासून तीन महिने असतात.

ऑर्डरला नोटीस समजून “उत्तर देतो” म्हणत बसलात तर अपिलाचे दिवस जातात. म्हणून कागदाचं नाव आधी वाचा.

नोटीस हातात आली की पहिल्या तासात काय करायचं?

१. मिळाल्याची तारीख आणि वेळ कागदावर पेनने लिहा. पाकीट फेकू नका, त्यावरचा शिक्का पुरावा असतो.
२. पाच गोष्टी शोधून अधोरेखित करा: कोणाकडून, कोणत्या कलमाखाली, कशाबद्दल, काय मागितलंय, किती दिवसांत.
३. शेवटची तारीख काढा आणि तिच्या तीन दिवस आधीची तारीख मोबाइलमध्ये अलार्म लावून ठेवा.
४. नोटीस खरी आहे का तपासा. खात्याच्या पोर्टलवर लॉगिन करून संदर्भ क्रमांक शोधा. मेसेजमधल्या लिंकवर क्लिक करू नका. “आत्ताच पैसे भरा नाहीतर डिजिटल अरेस्ट” असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. खरी नोटीस उत्तराला वेळ देते, खोटी विचार करायलाही वेळ देत नाही.
५. सीए किंवा वकिलाला पूर्ण कागदाचा फोटो पाठवा, सगळी पानं. “नोटीस आलीय, बघा जरा” असा फोन पुरत नाही. आणि त्याच्याकडून उत्तर कधी जाणार, ती तारीख घ्या.
६. उत्तर मुद्द्याला मुद्दा असं द्या, सोबत कागद जोडा. वेळ कमी पडत असेल तर मुदत संपण्याआधी लेखी वाढ मागा. मिळेलच असं नाही, पण गप्प बसण्यापेक्षा बरं.
७. उत्तर पोचल्याचा पुरावा ठेवा. पोर्टलवर भरलं तर पोचपावती डाउनलोड करा, हाताने दिलं तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.

या आठवड्याचा गृहपाठ

एक साधी वही किंवा फाइल करा, तिला नाव द्या ‘नोटीस फाइल’. तिच्यात पाच रकाने आखा: तारीख, कोणाकडून किंवा कोणाला, विषय, शेवटची तारीख, काय केलं. आलेली प्रत्येक नोटीस आणि तुम्ही पाठवलेली प्रत्येक आठवण त्यात लिहा. पहिल्या पानावर तुमचे जीएसटी, उद्यम, अन्न परवाना यांचे नंबर आणि प्रत्येकावर नोंदवलेला मोबाइल व ईमेल लिहा. हे पान भरतानाच तुम्हाला कळेल की कुठे अजून दुसऱ्याच कोणाचा नंबर बसलाय. तो आजच बदला. नोटीस उद्याही येऊ शकते.

पुढच्या वेळी घेऊ ‘कोटेशन’ आणि ‘एस्टिमेट’ यांतला फरक. काउंटरवर यावरून रोज भांडणं होतात!